गाळ न्यायला पैसे मिळतात, माती अडवायला का नाहीत?

माळरान: गाळमुक्त धरण योजनेत अल्पभूधारकाला तलावातला गाळ शेतात न्यायला घनमीटरला 35.75 रुपये अनुदान आहे, अडीच एकरांना जास्तीत जास्त 37,500. चांगली गोष्ट आहे. पण तो गाळ म्हणजे ओढ्याच्या वरच्या रानांतली मातीच. वरच्यानं उतारावर ताल, म्हणजे आडवा मातीचा बांध, घातली, बांधाला मारवेल गवत लावलं, तर जागा आणि मजुरी त्याची जाते. तलाव वाचतो खालच्यांचा. त्याला दरवर्षी एकरी पैसे द्या.

हिशेबनीस: आकडेमोड करून बघा. एकरावरून मिलिमीटरभर माती गेली तर होते 4 घनमीटर. याच दरानं परत आणायला 143 रुपये. एवढ्यात जेसीबीचा पाव तासही होत नाही. शिवाय सगळी माती तलावात पोचत नाही, बरीच वाटेत सखलात बसते. सरकारी पैसा स्वस्त पडेल तिथं लावावा.

माळरान: 143 हे फक्त अनुदान झालं. ट्रॉलीचा वरचा खर्च शेतकऱ्याचाच. आणि गाळ पडतो तलावाशेजारच्या रानात. ज्याची माती गेली त्याच्याकडं खडी उघडी पडते, तिथवर ट्रॉली परवडतच नाही. आधी वाहते ती बारीक माती, शेणखतासकट. तिची किंमत तुमच्या 143 मध्ये कुठं आहे?

काळीवाला: भारी काळ्या रानात ताल घालू नका, एवढंच सांगतो. आमच्याकडं वरच्या अंगाला पाणी तुंबलं, तूर पिवळी पडून गेली, मग ताल फुटली आणि कमरेइतकी घळ पडली. तालीला पैसे ठेवले की गरज नसलेल्या रानातही ताली पडतील.

ओढ्याकाठचा: खरी अडचण वाटण्यांची आहे. आम्ही तिघं भाऊ. प्रत्येकाला रस्ता हवा होता, म्हणून रस्त्यापासून ओढ्यापर्यंत उभ्या पट्ट्या पाडल्या, चाळीस-चाळीस फुटांच्या. उताराला आडवं पेरायचं तर ट्रॅक्टर दर चाळीस फुटांवर वळवावा लागतो, पेरणीवाला सरळ नाही म्हणतो. मग उभं पेरतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात प्रत्येक तास, म्हणजे पेरणीची ओळ, पाट होऊन गढूळ पाणी ओढ्यात ओततो. तिन्ही पट्ट्या मिळून आडव्या पेरल्या तर कुणाचाच गुंठा जात नाही. पैसे द्यायचेच तर अशा एकत्र पेरणीला द्या.

हिशेबनीस: याला मी हरकत घेणार नाही. पण जमीन वाट्यानं दुसऱ्याला कसायला दिली असेल तर? वाटेकरी एका सालाचा असतो.

ओढ्याकाठचा: म्हणून तर पैसे पेरणाऱ्याच्या हातात, त्याच हंगामात पडले पाहिजेत. धाकटा तयार आहे. थोरल्याशी मृगाआधी बोलतो.