निर्वासित, विस्थापित, प्रकल्पग्रस्त, स्थलांतरित : नेमका फरक काय?

शहादेकर
मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. जागतिक राजकारणाच्या टिपा काढताना हे चार शब्द सारखे एकमेकांत घुसतात. सुदानची एकच बातमी, त्यात वर निर्वासित आणि खाली विस्थापित. वर्गात तळोद्याकडची मुलं आहेत, त्यांचे आजोबा नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठून आले. ती विचारतात, "मॅडम, मग आम्ही निर्वासित का?" काय सांगू?

तापीकाठ
सीमा ओलांडली की निर्वासित, देशातच राहिला तर विस्थापित. सुदानच्या दारफुरमधून शेजारच्या चाड देशात पोचला तो निर्वासित, पोर्ट सुदानला गेला तो विस्थापित. संपला विषय.

सातपुडा
भाऊ, सीमा ही अर्धीच अट झाली. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात छळाची साधार भीती लागते, आणि तीही पाचच कारणांनी : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. आधी हा करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता, ती मर्यादा १९६७ च्या पूरक कराराने काढली. व्याख्येत बसलात तर मोठी गोष्ट पदरात पडते : जिथे जिवाला धोका आहे तिथे सरकार तुम्हाला परत ढकलू शकत नाही. भारताने यावर सही केलेली नाही. तिबेटी लोकांना आपण आसरा दिला तो आपल्या धोरणाने, कराराने नव्हे.

देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी असा जागतिक करारच नाही. १९९८ ची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती बंधनकारक नाहीत. आफ्रिकेने मात्र २००९ मध्ये कंपाला करार करून त्यांना कायद्याचं बळ दिलं. मॅडम, तुमच्या मुलांसाठी महत्त्वाचं पुढे आहे. या तत्त्वांत मोठ्या विकास प्रकल्पांमुळे होणारं विस्थापनही येतं, फक्त ते अपरिहार्य अशा सार्वजनिक हितासाठी नसेल तर. आता हित कोणाचं, हे पहिल्यांदा ठरवणार कोण? जे धरण बांधतं तेच सरकार!

म्हणून मुलांना सांगा : तुम्ही निर्वासित नाही. विस्थापित आहात, आणि सरकारी कागदावर प्रकल्पग्रस्त.

अक्कलकुवा
प्रकल्पग्रस्त हा आपल्या राज्याच्या कायद्यातला शब्द. त्याचा दाखला मिळतो, नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण मिळतं. म्हणजे शब्दाला किंमत आहे, पण आधी यादीत नाव पाहिजे, आणि नर्मदेत सगळं अडलं ते तिथेच. नर्मदेच्या पाण्याचा तंटा सोडवणाऱ्या लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात पाव हिश्शाहून जास्त जमीन गेलेल्या खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची होती. अक्कलकुवा-अक्राणीतले कित्येक जण पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत आलेले. नावावर सातबारा नाही, म्हणून सरकारदरबारी ते अतिक्रमणदार!

जागतिक बँकेने १९८५ मध्ये या सरदार सरोवर प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर मंजूर केले. तिचं स्वतःचं सक्तीच्या पुनर्वसाहतीचं धोरण १९८० पासून होतं. ते इथे पाळलं गेलं नाही, असं बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये लिहिलं. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी बँकेला तपासणी पॅनेल नेमावं लागलं, जिथे बाधित लोक थेट तक्रार करू शकतात. पुढच्या वर्षी जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांचा निधी थांबवण्याची मागणी केली, त्या जाहीरनाम्याला नाव दिलं बुडीतातल्या मणिबेली गावाचं. आंतरराष्ट्रीय विकासाच्या पुस्तकात 'उत्तरदायित्व' हा धडा येतो ना, त्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावाचं नाव घालायला हरकत नाही.

तापीकाठ
हे माहीत नव्हतं. आमच्याकडे तापीवरच्या उकाई धरणाच्या पाण्यातून उठलेली माणसं यातला एकही शब्द वापरत नाहीत. "आमनं गाव पानीमा गयं" म्हणतात, बस.

शहादेकर
पुनर्वसन आणि पुनर्वसाहत एकच ना?

सातपुडा
नाही, ताई. वसाहत म्हणजे प्लॉट, रस्ता, हातपंप. वसन म्हणजे पोटापाण्याची घडी पुन्हा बसणं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नावातच दोन्ही शब्द वेगवेगळे आहेत. सरकारं पहिलं करतात आणि दुसरं केलं असं छापतात.

धडगाव पट्टा
आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारे कोयतेवाले? मुकादमाची उचल घेऊन अख्खं कुटुंब जातं. ते कशात?

अक्कलकुवा
हंगामी स्थलांतरित. स्वेच्छेने गेले असं धरलं जातं. उचल फेडायला जाण्यात स्वेच्छा किती, हा प्रश्न व्याख्या विचारत नाही. स्थलांतरित कामगारांचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार आहे, पण तो देशाबाहेर जाणाऱ्यांसाठी. नंदुरबारहून बारडोलीला जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

शहादेकर
'हवामान निर्वासित' टिपांत ठेवू का?

सातपुडा
पत्रकारितेतला शब्द म्हणून ठेवा, कायद्यातला म्हणून नको. किरिबाटी या पॅसिफिकमधल्या बेटदेशाच्या टेटिओटा यांनी समुद्र चढतोय म्हणून न्यूझीलंडमध्ये निर्वासित दर्जा मागितला, तो नाकारला गेला. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही त्यांना परत पाठवणं चूक ठरवलं नाही. मात्र हवामानामुळे जिवाला खरा धोका असेल तर परत पाठवता येणार नाही, असा दरवाजा किलकिला ठेवला.

तापीकाठ
एक राहिलं. प्रत्येक प्रकल्पग्रस्त विस्थापित नसतो. घर तिथेच, पण शेत कालव्यात गेलं, तरी तो बाधितच. नर्मदेच्या निवाड्याने हक्क दिले ते बुडीत क्षेत्रातल्यांना. गुजरातेत कालव्यात जमीन गेलेले त्यातून बाहेरच राहिले. टिपांत हे दोन शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत लिहू नका.