गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'

इतिहास कादंबरीतच जिवंत होतो, असे मत मांडले जाते, ते मला पटत नाही, कारण सध्या मी विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हे त्यांनी स्वतः पाहिलेल्या घटनांचे प्रवासवर्णन वाचतो आहे. घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणा मिळेल या आशेने कोकणातल्या वरसई गावाहून निघालेला हा भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडतो आणि झाशीचा वेढा शहरात राहून पाहतो. पुढे काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली राणी लक्ष्मीबाई विहिरीपाशी भेटते. भटजी पाणी काढून देऊ लागतात, तर विद्वान ब्राह्मणाला हे कष्ट नकोत म्हणून ती स्वतःच पाणी काढून ओंजळीने पिते. लुटीच्या वर्णनाशेजारीच दक्षिणेचा हिशेबही येतो, आणि मला तोच भाग अधिक विश्वासार्ह वाटतो. चिंतामणराव वैद्यांनी संपादित केलेल्या १९०७च्या आवृत्तीत मात्र बरेच फेरफार असल्याने, मूळ हस्तलिखितावरून छापलेली प्रत मिळाल्यास तीच घ्यावी.