मिलेच्या सरवा वेचणाऱ्या दिवाणखान्यात?

रंगपेटी: काल इथंच कुणीतरी लिहिलं की फ्रेंच चित्रकार मिलेचं १८५७ चं 'सरवा वेचणाऱ्या' हे तीन बायकांचं चित्र म्हणजे 'सुगीचा आनंद', दिवाणखान्यात लावा, मन शांत होतं. राहवेना म्हणून लिहितेय. अहो, सुगी मागे लांब आहे! सुड्या, लादलेली गाडी, उजवीकडे घोड्यावर मुकादम. ऊनही सगळं तिकडेच. पुढच्या तिघी कापणीनंतर सांडलेल्या लोंब्या, म्हणजे सरवा, वेचतायत. डावीकडचीनं तर दुखऱ्या पाठीवर हात ठेवलाय. पॅरिसच्या समीक्षकांना त्यात शांती नाही, क्रांती दिसली होती.

तिरकस: काल लिहिणारा मीच. ब्रेतों या फ्रेंच चित्रकाराचं १८५९ चं चित्र बघा. त्यातल्याही सरवा वेचणाऱ्याच, पण संध्याकाळच्या उजेडात कशा ताठ मानेनं घरी निघाल्यात! तो काय खोटं रंगवतो? तोही खेड्यातलाच, उत्तर फ्रान्समधल्या कूरिएरचा. गरीब दिसला की रडायचंच, हा शहरी रोग आहे.

रंगपेटी: ते चित्र फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या पैशानं विकत घेतलं गेलं. यातच आलं. आणि डावीकडे तोंडाशी हात धरून हाकारणारा रखवालदार दिसला नाही वाटतं? अंधार पडल्यावर वेचणं म्हणजे गुन्हा होता तिथं.

जुनं खोड: आमच्या रानात सरव्याला कधी कुणाला ना नव्हती. आजोबा मुद्दाम चार कणसं मागं ठेवायचे. आता हार्वेस्टर आलं, सरवाच संपला. त्याबद्दल लिहा कुणीतरी.

ओढ्याकाठी: 'ना नव्हती' हे नेहमी मालकाच्याच घरातून ऐकू येतं. माझ्या आजीला एकानं ओटीतली ज्वारीची कणसं बांधावर ओतायला लावली होती. आई सात वर्षांची, शेजारी उभी. पन्नास वर्षं झाली, अजून सांगताना थांबते.

जुनं खोड: एका माणसावरून सगळ्यांना झोडपू नका. चित्राच्या धाग्यावर जात कशाला काढता?

ओढ्याकाठी: जात नाही काढली, शेत काढलं. तुम्हाला का लागलं?

तिरकस: भांडा, भांडा. मिले राहिला बाजूला.

ओढ्याकाठी: राहिला नाही. रंगपेटी, तुमचंही चुकलंय. तो हात नुसता दुखतंय म्हणून पाठीवर नाही. नीट बघा, मुठीत जुडी आहे. उजव्या हातानं वेचायचं, डाव्यातली जुडी मागं कमरेवर टेकवायची, म्हणजे वाकताना लोंब्या जमिनीला घासून दाणे गळत नाहीत. आजी अशीच धरायची. मिले शेतावर राबलेला होता, त्याला ठाऊक असणार.

रंगपेटी: आत्ता मोठं करून पाहिलं. जुडीच आहे. वीस वर्षं हे चित्र बघतेय मी.

तिरकस: चला, सुगी नाही, मान्य. आनंदाचं मी आजोबांना विचारून सांगतो.

जुनं खोड: माझ्या आजोबांना मध्ये आणू नका.