मुलांसाठी मोठं शहर सोडायचं ठरतंय, पण माझा पाय निघत नाहीये

खिडकीपाशी

नमस्कार. मला दोन मुलं, मोठी पाच वर्षांची आणि धाकटा दहा महिन्यांचा. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. नवरा सकाळी मोठी उठायच्या आधी बाहेर पडतो आणि ती झोपल्यावर घरी येतो. मागच्या आठवड्यात तिने घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं. मी, ती, बाळ जमिनीवर उभे, आणि बाबा मोबाइलच्या चौकटीत. रोज संध्याकाळी तिला तो व्हिडिओ कॉलवरच दिसतो, तसाच तिने काढला. ते चित्र बघितल्यापासून घरात दुसरा विषय नाही.

त्याच्या कंपनीने पूर्णवेळ घरून काम करायला हो म्हटलंय. एका लहान गावात, चाळीसेक हजार वस्तीच्या, अंगण असलेलं घर बघून ठेवलंय. ज्याला त्याला आनंद झालाय, मुलांना मोकळी हवा मिळेल म्हणून. मी फिजिओथेरपिस्ट आहे. धाकट्याच्या वेळी काम थांबवलं, पुढच्या वर्षी परत सुरू करायचं होतं. तिथे माझ्या कामाचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "बघू."

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. निघण्याआधी काय तपासायचं राहून गेलं?

पाऊलवाट

तुमचं ते "बघू" वाचून थांबले. आमच्याकडेही अगदी हाच शब्द होता. नऊ वर्षं झाली आम्हाला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, आता तेरावं चालू आहे. म्हणजे लहानपण आणि जाणतेपण, दोन्ही इथेच बघितलं. सविस्तर लिहिते, कारण निघताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

जे मिळालं ते आधी. पहिल्या वर्षी पायरीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघायची. मुलगी तिच्याशेजारी उकिडवी बसून राहायची, तासतासभर. वाटेत काडी आडवी ठेवायची, मुंग्या कुठून वळतात ते बघायची, मग काडी उचलून पुन्हा ठेवायची. तिला कुणी घाई करत नव्हतं. शहरातल्या घरी माझं निम्मं बोलणं "चल, आवर, उशीर होतोय" एवढंच असायचं. आम्हा दोघांनाही लहानपणीच चष्मा लागला. मुलं रोज साधारण दोन तास दिवसाउजेडी बाहेर राहिली तर लांबचं धूसर दिसून चष्मा लागण्याची शक्यता कमी होते, हे वाचून मी मनावर घेतलं होतं. घरातला उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो, बाहेर सावलीतही हजारोंनी असतो. पण अंगण आहे म्हणून मूल बाहेर राहत नाही, हे इथे येऊन कळलं. पायरीवर कुणीतरी मोकळं बसलेलं असावं लागतं. माझी मुलगी बाहेर राहिली, कारण मी बसले होते. आणि मी बसले होते, कारण माझं काम गेलं होतं.

मी ग्रंथपाल होते. इथे एकच ग्रंथालय, त्यात एकच जागा, ती भरलेली. निघण्याआधी एक फोन केला असता तर समजलं असतं. केला नाही, कारण "बघू" ठरलं होतं. पहिली दोन वर्षं मी घरी होते आणि त्या दोन वर्षांत मुलीवर जेवढी ओरडले तेवढी शहरातल्या धावपळीतही ओरडले नव्हते. आपण तिच्यासाठी आलो, हे मनात सारखं घोळायचं आणि तिने दूध सांडलं की ते तोंडातून निघायचं. एकदा तिने विचारलं, "आपण माझ्यामुळे आलो ना? मग परत जाऊया, मला चालेल." त्या दिवशी मी नवऱ्याला बसवलं आणि पहिल्यांदा सरळ बोलले. पाचव्या वर्षी शाळेच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम मिळालं. घर तेव्हापासून हलकं झालं.

दुसरं, नवऱ्याचे वाचलेले तास. रोजचा जाण्यायेण्याचा तीन तासांचा प्रवास सुटला. ते तास मुलीला मिळतील असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या वर्षी ते सगळे कामातच गेले, सकाळी सातला लॅपटॉप उघडा, रात्री नऊलाही उघडाच. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने 1994 साली मांडलं होतं की माणसं कुठेही राहोत, दिवसाचा साधारण तासभर प्रवासात घालवतात. वाहन वेगवान झालं की अंतर वाढतं, वेळ तेवढाच. आमच्याकडे तसंच झालं. दाताचा डॉक्टर, पोहण्याचा तलाव, तिच्या मैत्रिणीचं घर, सगळं गाडीने. शेवटी आम्ही ठरवून घेतलं. साडेपाचला लॅपटॉप बंद, आणि कामाचा फोन दाराजवळच्या कपाटाच्या खणात. खणाचा आवाज आला की मुलगी धावत यायची. तो आवाज अजून आहे.

आता ती रात्र. दुसऱ्या हिवाळ्यात, मुलगी पाच वर्षांची. रात्री दीड वाजता खोकल्याने उठली. कुत्रं भुंकावं तसा खोकला, श्वास आत घेताना घर्र असा आवाज, आणि गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. गावातल्या दवाखान्याच्या पाटीवर "चोवीस तास" लिहिलेलं होतं. रात्री तिथे एकच मदतनीस होता, मुलांचे डॉक्टर नव्हते. पन्नास मिनिटांवरच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. मी तिला मांडीवर ताठ बसवून हळू आवाजात बोलत राहिले, काच खाली केली होती, थंड वारा येत होता. तिथे स्टेरॉइडचा एक डोस आणि वाफेतून औषध दिलं. पहाटेपर्यंत श्वास मोकळा झाला. डॉक्टर म्हणाल्या, तिला रडू न देता बसतं ठेवलंत हे चांगलं केलंत. मला अजून तो रस्ता वळणावळणाने आठवतो, कुठे दिवा नाही तेसुद्धा.

घर पक्कं करण्याआधी त्या रस्त्याने रात्री दीड वाजता एकदा गाडी घेऊन जा. दिवसा नको, रात्रीच.

आणि शाळा. इयत्तेला एकच तुकडी, एकवीस मुलं, पहिलीपासून तीच. दुसरीत माझ्या मुलीची स्नेहसंमेलनात स्टेजवर लघवी झाली. त्यावरून पडलेलं नाव सहावीपर्यंत टिकलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. शहरात तुकडी बदलून मागितली असती, इथे दुसरी तुकडीच नव्हती. बाई मायेच्या होत्या, पण त्यांचीही मुलगी त्याच वर्गात. पाच वर्षांच्या मुलीसाठी सगळे ओळखतात हे सुख आहे. तेराव्या वर्षी तिला असं कुठेतरी जायचंय जिथे ती कुणाची मुलगी हे कुणालाच माहीत नाही. मला तिचं पटतं.

पुन्हा वेळ आली तर येऊ का? येऊ. पण शहरातलं घर वर्षभर सोडणार नाही, इथे भाड्याने राहू, आणि सगळ्यात वाईट ऋतूत येऊ. आम्ही सगळ्यात छान दिवसांत घर बघितलं होतं.

रातपाळी

मी परिचारिका आहे, आधी मोठ्या शहरात, आता लहान गावात. पाऊलवाटताईंनी लिहिलेल्या रात्री मी दुसऱ्या बाजूने बघते, म्हणून दोनच गोष्टी.

पाटी वाचू नका, रात्री आठनंतर जाऊन विचारा. ड्युटीवर कोण आहे? भूल देणारे डॉक्टर मुक्कामी असतात की फोन केल्यावर येतात? रुग्णवाहिका कुठे उभी असते, चालक कुठे झोपतो? रक्त कुठून येतं? आजीआजोबा सोबत येणार असतील तर आणखी एक. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन लागतो. स्कॅनचं यंत्र किती दूर आणि रात्री चालू असतं का, हे आजच विचारून ठेवा.

आणि मोकळ्या हवेबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हवेतल्या सूक्ष्म कणांची, पीएम 2.5 ची, वार्षिक मर्यादा घनमीटरला 10 मायक्रोग्रॅमवरून 5 वर आणली. जिथे कचरा, पाचोळा, लाकूड जाळतात तिथे लहान गावातही ती सहज ओलांडली जाते. थंडीच्या पहाटे अंगणात उभं राहून वास घ्या. शक्य झालं तर हातात धरायचं मापक आठवडाभर कुणाकडून मागून आणा. दहा महिन्यांचं बाळ आहे, म्हणून सांगते.

परतलेला

आम्ही तीन वर्षांनी परत आलो, म्हणून माझंही लिहितो. घरून काम करायची परवानगी एका ईमेलने मिळाली होती आणि एका ईमेलनेच गेली. साठ दिवसांत हजर व्हा. त्या गावात माझ्या कामाची दुसरी एकही जागा नव्हती. मुलाची शाळा वर्षाच्या मध्यात सुटली, मित्र दुसऱ्यांदा सुटले. तो सहा महिने आमच्याशी नीट बोलला नाही.

तुमच्या मिस्टरांनी ती मुभा नेमणुकीच्या अटींमध्ये लेखी घ्यावी. वरिष्ठांचा शब्द पुरत नाही, वरिष्ठ बदलतात. इंटरनेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं घ्या, आणि घर बघायला जाल तेव्हा तिथूनच एक पूर्ण दिवस काम करून बघा, मीटिंगसकट. डाउनलोडचा वेग सगळे सांगतात, मीटिंग अडते ती अपलोडपाशी.

खिडकीपाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलवाटताई, एक विचारू? नवऱ्याला बसवून बोललात, तेव्हा नेमकं काय म्हणालात? माझी सुरुवातच होत नाही. सुरुवात केली की मी मुलांच्या आड येतेय असं वाटतं.

पाऊलवाट

मी म्हणाले, "तुझं काम सामानात बांधून आणलंस, माझं तिथेच ठेवून आलास." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, हे मला सुचलंच नव्हतं. मला आधी राग आला, नंतर पटलं, खरंच सुचलं नव्हतं. मीही बोलले नव्हते.

तुम्ही आड येत नाही आहात. मोठीच्या चित्रात तुम्ही जमिनीवर उभ्या आहात ना? तिला तशाच हव्या आहात. आणि फिजिओथेरपीला लहान गावात काम असतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, पक्षाघातातून उठणारे, सगळे कुठेतरी जातच असतील. ते आता कुठे जातात, तेवढं शोधा. बाळाला सांभाळणारं कुणी मिळाल्याशिवाय तारीख ठरवू नका.

खिडकीपाशी

काल रात्री तुम्हा सगळ्यांचं त्याला वाचून दाखवलं. तुमचं ते वाक्य आलं तेव्हा त्याने फोन बाजूला ठेवला. लेखी अटींचा मेल त्याने आज सकाळी पाठवला.

शनिवारी आम्ही जातोय, आठ दिवसांसाठी. आई मुलांजवळ थांबेल. रात्री दीडला त्या रस्त्याने जाऊन येऊ. आणि सोमवारी सकाळी अकराला मी तिथल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. फोन मीच केला. त्यांनी विचारलं, किती दिवसांत सुरू करू शकाल?