टीडीएस मीटरवर विसंबू नका

सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये) 310 आला, म्हणजे पाणी प्यायला हरकत नाही, असं एकांनी लिहिलंय. हे धोक्याचं आहे. मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला दिसतच नाहीत. पुण्यात बेसाल्टच्या भेगांतून ड्रेनेजचं पाणी बोअरमध्ये झिरपलं तरी आकडा तसा बेताचाच राहू शकतो.

जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लॅबकडूनच घ्या. नमुना टाकीतला नको, बोअरजवळच्या नळाचा घ्या. पंप दहा मिनिटं चालवा, नळाची जाळी किंवा पाइप काढा, धातूच्या नळाच्या तोंडावर ज्योत फिरवा, मिनिटभर पाणी सोडा आणि मग भरा. बाटली विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, वर थोडी जागा ठेवायची. बर्फाच्या डब्यातून शक्यतो 6 तासांत पोचवा. बोअरमध्ये ब्लीचिंग टाकलं असेल तर लॅबला आधीच सांगा. मग बाटलीत सोडियम थायोसल्फेट लागतं, नाहीतर क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि घाण पाण्याचा अहवाल स्वच्छ येतो.

आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे 100 मिलीत ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही चालत नाही. सोबत नायट्रेट तपासाच, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. घरात वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल तर अहवालात हा आकडा आधी बघा. आणि उन्हाळ्यातल्या अहवालावर वर्ष काढू नका, पावसाळा सुरू झाला की पुन्हा नमुना द्या.