विंडोज ११ आपोआप बसू नये म्हणून काय करावे?

प्रश्न (शाहू मार्केट यार्ड, कोल्हापूर):
आमची गुळाची अडत असून सौदे, पट्ट्या आणि शेतकऱ्यांची खाती ज्या संगणकावर आहेत त्यात विंडोज १० प्रो आहे. विंडोज ११ घेण्याची सूचना वारंवार येते. हिशेबाची प्रणाली आणि जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर विंडोज ११ वर चालतील याची खात्री नसल्याने ऐन हंगामात हा बदल नको आहे. तो रोखता येईल का?

उत्तर (राजारामपुरी):
होय. प्रो आवृत्तीतील ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये (विंडोजचे नियम ठरवण्याचे त्यातच असलेले साधन), विंडोज अपडेटच्या विभागात, लक्ष्य आवृत्ती ठरवण्याची सोय आहे. तेथे उत्पादन म्हणून ‘विंडोज १०’ आणि आवृत्ती म्हणून ‘२२एच२’ असे इंग्रजी अक्षरांत भरल्यास संगणक त्याच आवृत्तीवर राहतो. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो.

उत्तर (शाहूपुरी):
वरील उपाय योग्य आहे. मात्र अपडेटची सेवाच बंद करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो कृपया मानू नये, कारण त्यामुळे सुरक्षा दुरुस्त्याही थांबतात आणि आपल्याकडे तर इतरांच्या पैशांचा हिशेब आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने विस्तारित सुरक्षा योजनेत नोंदणी केली तरच पुढील दुरुस्त्या मिळतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. खात्यांची प्रत बाहेरील डिस्कवर घेऊन मगच ही मांडणी करतो.