शब्दचर्चा: 'डावा मंत्री' म्हणावं की आणखी काही?

जास्वंदी: आईला कोरियन ऐतिहासिक मालिकांचं वेड लागलंय. इंग्रजी सबटायटल तिला झेपत नाहीत, म्हणून मी मराठीत करून देते. जोसन, म्हणजे कोरियाच्या जुन्या राजघराण्याच्या, दरबारात तीन बडे मंत्री असतात, त्यांतल्या 'लेफ्ट'वाल्याला मी 'डावा मंत्री' लिहिलं. आईनं विचारलं, "हा कम्युनिस्ट का गं?" शिवाय कुणाला 'देगाम' म्हणतात, कुणाला 'यॉंगगाम'. मी दोन्हीकडे 'साहेब' ठोकून दिलंय. चुकतंय का?

बखरवाला: 'डावा' काढाच, पण कम्युनिस्टामुळे नव्हे. आपल्याकडे डावं म्हणजे कमी प्रतीचं. आपण डावं-उजवं करतो, लायक माणसाला डावलतो, आणि भरवशाचा माणूस मात्र उजवा हात. कोरियात नेमकं उलट होतं. यॉंग-उइजॉंग सर्वांत वर, मग ज्वा-उइजॉंग म्हणजे डावा, आणि उ-उइजॉंग म्हणजे उजवा तिसरा. तिघांची श्रेणी एकच, पण मान या क्रमानं. तुमचं भाषांतर वाचणारा उजव्याला मोठा समजणार.

आता हा डावा कुणाचा, तर राजाचा. राजा दक्षिणेकडे तोंड करून बसतो, म्हणजे त्याच्या डाव्या हाताला पूर्व. सोलच्या ग्यॉंगबोकगुंग राजवाड्यात सिंहासनाच्या दालनासमोर फरसबंदी अंगण आहे. तिथे श्रेणी कोरलेल्या बुटक्या दगडांच्या दोन रांगा आहेत, एकेका रांगेत बारा. पूर्वेला मुलकी अधिकारी उभे राहत, पश्चिमेला लष्करी. दक्षिणेच्या दारातून आत येणाऱ्याला मुलकी रांग उजवीकडे दिसते, म्हणून पर्यटकांचा हमखास घोटाळा होतो. या दोन रांगा म्हणजेच 'यांगबान'. अर्थ एवढाच, की दोन पंक्ती. पुढे तो खानदानी वर्गाचा शब्द झाला, आणि आजच्या बोलीत 'हे यांगबान' म्हणजे निव्वळ 'हे गृहस्थ', तेही बरेचदा वैतागून.

डाव्या-उजव्याचा आणखी एक नमुना. कोरियाचा नामांकित आरमारी सेनापती यी सुन-शिन 1591 मध्ये जॉल्ला प्रांताच्या 'डाव्या' आरमाराचा प्रमुख झाला. त्याचं ठाणं यॉसू. नकाशा उघडा, यॉसू प्रांताच्या उजव्या टोकाला आहे! सोलमधून दक्षिणेकडे बघणाऱ्याची ती डावी बाजू.

पिंपळपान: मग 'वाम' वापरा की, भारदस्त वाटेल.

बखरवाला: दैव वाम झालं की काय होतं ते आठवा.

देगाम आणि यॉंगगामकडे वळू. श्रेण्या नऊ, प्रत्येकीत वरची 'जॉंग' आणि खालची 'जोंग', म्हणजे अठरा. (हा ऑ-ओचा फरक रोमन लिपीत वाचताना हुकतो, देवनागरीत आयता मिळतो. सांभाळा.) पहिल्या सहा श्रेण्यांत जॉंग आणि जोंग दोन्हींच्या पुन्हा दोन-दोन पायऱ्या, म्हणून एकूण तीस. सगळ्यांत महत्त्वाची रेघ वरच्या तिसरीच्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीतल्या जॉंगच्या, मध्यातून जाते. तिच्यावरचे लोक दरबारात दालनावर बसायच्या योग्यतेचे, बाकीचे दालनाखालचे. वरची दुसरी आणि त्यापुढच्यांना 'देगाम'. तिथून खाली त्या रेघेपर्यंत 'यॉंगगाम'. रेघेखालच्यांना 'नाउरी'. तेव्हा तीन शब्दांना तीन मराठी शब्द हवेत. एकटा 'साहेब' पुरणार नाही.

गंमत यॉंगगामची. कालांतरानं तो म्हाताऱ्या माणसाला लागला, आणि म्हातारी बायको नवऱ्याला 'यॉंगगाम' अशी हाक मारू लागली. आपल्या 'अहो'च्या शेजारचाच शब्द. देगामवर तर म्हणच आहे: देगाम मेला तर कुणी जात नाही, देगामचा घोडा मेला तर सांत्वनाला रीघ लागते.

ओसरी: अष्टप्रधानांतली नावं का नाही घेत? अमात्य, सचिव, सुमंत. तयार माल आहे.

बखरवाला: मोह मलाही होतो, पण तिथे खड्डा आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत 'मंत्री' म्हणजे वाकनीस, राजाच्या रोजच्या कामाची नोंद ठेवणारा. हल्लीचा खातेवाला मंत्री नव्हे. जोसनमध्ये ते टिपणाचं काम राजाच्या सचिवालयाकडे होतं, त्याला सुंगजॉंगवॉन म्हणत. दप्तर लिहिणारा जुसॉ जेमतेम वरच्या सातवीतला. त्याला खुशाल वाकनीस म्हणा, शोभेल. सहा खात्यांचे प्रमुख, पान्सॉ, वरच्या दुसरीतले. त्यांना 'मंत्री' चालेल, कारण आजचा वाचक खातंच समजणार.

श्रेणी आणि पद मात्र एकमेकांत मिसळू नका. श्रेणी माणसाची, पद खुर्चीचं. माणूस खुर्चीपेक्षा वरच्या श्रेणीचा असेल तर पदनामाआधी 'हेंग' लिहीत, खालच्या श्रेणीचा असेल तर 'सु'. आपल्या कचेरीत 'प्रभारी' लिहितात त्याची आठवण होते, पण प्रभारीतून माणूस मोठा की खुर्ची, ते कळत नाही. तिथे एका अक्षरात कळायचं.

पिंपळपान: आणि ज्याला कधीच पद मिळालं नाही त्याचं काय लिहायचे?

बखरवाला: 'हाकसेंग', म्हणजे विद्यार्थी! पितरांच्या विधीत नावाच्या पाटीवर बिनपदाच्या पुरुषाचा उल्लेख असाच होतो. ऐंशीव्या वर्षी गेला तरी विद्यार्थीच. बायकोला 'यू-इन'. ही मुळात नवव्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याच्या पत्नीची पदवी, पुढे सरसकट सगळ्यांना वापरली गेली. म्हणजे पाटीवर नवरा विद्यार्थी आणि बायको अधिकाऱ्याची पत्नी.

ओसरी: कोरियन चित्रांत कोंबडा का असतो ते आत्ता उमगलं. तुरा म्हणजे अधिकाऱ्याची टोपी, ना? आपल्याकडेही शिरपेचात तुरा खोवतातच.

बखरवाला: बरोबर. चिनी लिपीतले 'टोपी' आणि 'सरकारी पद' हे दोन शब्द कोरियन उच्चारात 'ग्वान'च. मुलानं परीक्षा पास होऊन पद मिळवावं म्हणून असा कोंबडा घरात लावत.

जास्वंदी, त्या तिघांसाठी माझी सूचना: थोरले प्रधान, मधले प्रधान, धाकटे प्रधान. घर एक, श्रेणी एक, मान वयाच्या क्रमानं, आणि डाव्या-उजव्याची कटकट मिटली.

जास्वंदी: लिहिलं. काल रात्री आईनं भाग पाहिला. म्हणाली, "धाकट्या प्रधानांची दाढी पार पोटापर्यंत आलीये, धाकटे कसले?"